निळ्या गाडीचे आठ व्हॉल्व्ह

मार्च संपत आला की मला रॉकेलचा वास येऊ लागतो. घरात रॉकेल कित्येक वर्षांत आलेलं नाही, तरी येतो. दारावरून द्राक्षांची हातगाडी जाते, समोरच्या घरातला मुलगा येरझाऱ्या घालत पाठांतर करत असतो, दुपारच्या वाऱ्याला पहिली झळ लागते, आणि या सगळ्याच्या तळाशी तो वास असतो. एकदा डॉक्टरांना सांगितलं, तर त्यांनी बॅटरी लावून माझं नाक तपासलं.

आज मात्र तो खराखुरा आहे. शेडमध्ये आपली निळी गाडी उभी आहे. तिच्या इंजिनाचा वरचा भाग, ज्याला हेड म्हणतात, तो सोडवून दोन स्टुलांवर उलटा ठेवलाय. त्याला चार खळगे आहेत आणि प्रत्येक खळग्यात दोन व्हॉल्व्ह बसलेले आहेत, म्हणजे एकूण आठ. इम्रानने चारही खळग्यांत रॉकेल ओतलंय. व्हॉल्व्ह आपापल्या जागी घट्ट बसत असतील तर रॉकेल तिथंच राहील. एखादा जरी सैल असेल, तर त्याच्या वाटेने खाली थेंब उतरेल. इतकी साधी परीक्षा आहे. इम्रान द्वारका चौकाजवळचा मेकॅनिक, तुमच्या बाबांपेक्षा वयाने लहान. गाडीच्या तेलात पाणी मिसळायला लागलं म्हणून त्याला बोलावलं होतं; हेडखालचं गॅस्केट, म्हणजे मधला पातळ पत्रा, गेलं असणार म्हणाला. रॉकेलची बाटली त्याने कुठून मिळवली ते मी विचारलं नाही. जाताना म्हणाला, "आजी, संध्याकाळी येऊन बघतो. तोवर कोणी हात लावायचा नाही." घरात मी एकटीच आहे, तेव्हा हे कोणाला उद्देशून होतं ते उघड आहे.

मैत्री, राहुल, तुम्हाला ही गाडी जास्त करून फोटोतली म्हणून माहीत आहे. राहुल चार वर्षांचा असताना तिच्यात बसून त्याने हॉर्न इतका वाजवला होता की शेजारचे बाहेर आले. मैत्रीने मागच्या हिवाळ्यात फोनवर विचारलं होतं, जपानमधली स्पोर्ट्स कार नाशिकला आलीच कशी? तेव्हा मी "सांगेन कधीतरी" म्हटलं. जन्मभर मुलींना पूर्ण वाक्यात उत्तर लिहायला लावणाऱ्या शिक्षिकेने असं मोघम बोलू नये. आज संध्याकाळपर्यंत वेळ आहे आणि शेडमध्ये जायला मनाई आहे, म्हणून लिहायला बसले.

सुरुवात मात्र जपानपासून नाही, एका हातगाडीपासून करावी लागेल.

ऐंशी सालची चौदा एप्रिल. आमच्या कॉलनीत जयंतीची मिरवणूक दरवर्षी ट्रकवरून निघायची. ट्रक भाड्याचा असे, पण धुऊन, फुलं बांधून, निळी निशाणं लावून झाली की तो आमचाच वाटायचा. त्या वर्षी सकाळी ट्रकवाल्याचा निरोप आला की गाडी कांदा भरायला गेली आहे. खरंच गेली होती की कसं, ते कोणी विचारलं नाही. पांढऱ्या साड्या नेसून आम्ही बायका तयार, लेझीमवाली मुलं तयार, प्रतिमा हारासकट ओट्यावर तयार. शेवटी भाजी विकणाऱ्या एका शेजाऱ्याने आपली हातगाडी आणली. ती घासून धुतली, वर पांढरी चादर अंथरली, आणि प्रतिमा तिच्यावरून गेली. मिरवणूक नेहमीसारखीच वाजतगाजत झाली. फक्त हातगाडीचं एक चाक कुईकुई करत होतं आणि तुमचे आजोबा वाटभर त्या चाकाकडे बघत चालत होते.

संध्याकाळी कमिटीच्या बैठकीत ते उभे राहिले आणि म्हणाले की पुढच्या वर्षी प्रतिमा आपल्या स्वतःच्या गाडीतून जाईल. कमिटीचे प्रमुख पगारेभाऊ, नगरपालिकेत कारकून होते, माणूस मोजून बोलणारा. त्यांनी विचारलं, "आपल्या म्हणजे कोणाच्या?"

"माझ्या."

तेव्हा आपल्याकडे एक सायकल होती. मागून कोणीतरी म्हणालं, "प्रतिमा क्यारेजवर बसवणार का, भाऊ?" आणि सगळे हसले. आजोबाही हसले. पण घरी येऊन जेवले नाहीत नीट.

आता ते कोण होते हे तुम्हाला माहीत असलं तरी लिहिते, कारण तुम्ही त्यांना म्हातारपणी पाहिलंत, खुर्चीत बसून रेडिओ उघडणारे आणि परत बंद न करणारे. ते ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते. विमानाचा पत्रा जोडायचा, रिव्हेट मारायची, मग त्यावरून तळहात फिरवायचा. हाताला काही लागलं तर ते काम परत. घरातल्या भिंतीवरूनही ते तसाच हात फिरवत. कारखान्यातला एक स्क्रूसुद्धा त्यांनी कधी घरी आणला नाही. गेटवर झडती असते म्हणून नाही. मी विचारलं होतं एकदा, तर म्हणाले, त्या स्क्रूच्या भरवशावर कोणीतरी वर उडणार असतो.

दिवाळीच्या सुमारास ते देवळालीला एका निवृत्त जहाजी कप्तानांच्या विहिरीचा पंप दुरुस्त करायला गेले. परसात चिंचेखाली ताडपत्री होती, ताडपत्रीखाली कोंबड्या होत्या, आणि कोंबड्यांखाली ही गाडी होती. कप्तानांनी ती तरुणपणी जपानहून येताना बोटीवर घालून आणलेली. दोनच माणसांची, छत मागे दुमडणारी, जमिनीला इतकी लगटून की आत बसायचं म्हणजे जवळजवळ पाटावर बसायचं. कप्तानांचे गुडघे गेले तशी ती चिंचेखाली गेली. ते म्हणाले, न्यायची तर ने, पण माझ्या कोंबड्या कुठे जाणार ते सांग. आजोबांनी दोन रविवार खपून त्यांना पक्कं, जाळीचं, दार लागणारं खुराडं बांधून दिलं. मग गाडी, तिचे कागद आणि मेणकापडात गुंडाळलेलं एक जाड इंग्रजी पुस्तक घेऊन, द्राक्षांच्या पेट्या वाहणाऱ्या टेम्पोला दोर बांधून ते घरी आले.

माझ्या सासूबाई, तुमच्या पणजी, सटाण्याकडच्या. आयुष्य दुसऱ्यांच्या कांद्याच्या वाफ्यांत गेलेलं, आणि बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच राहिलं. त्या काठी टेकत गाडीभोवती एक फेरी मारून आल्या. सीटवर कोंबडीची पिसं होती, बॉनेटला गंजाची भोकं होती.

"हाई गाडी शे का खुराडं?" त्यांनी मुलाला विचारलं.

"गाडी आहे, आई."

"मंग खुराडं का बरं दी उना त्यास्ले? हाईच ठेवतास ना ते."

खुराडं त्यांना कशाला बांधून दिलंस, त्यांनी हेच ठेवलं असतं की, असं त्यांचं म्हणणं. मला ते तेव्हा अगदी पटलं होतं.

ते पाच महिने मला आता एका रांगेत आठवत नाहीत. तुकडे आठवतात. न्हाणीघरात रॉकेलच्या घमेल्यात भिजत पडलेली नटं. गाडीच्या तळाचा कुजलेला पत्रा कापून काढल्यावर तिच्यातून दिसणारी शेडची फरशी, आणि त्या भोकातून मान वर काढून मला चहा मागणारे तुमचे आजोबा. नवा पत्रा त्यांनी विमानासारखा जोडला, रिव्हेटची डोकी पत्र्याच्या पातळीत. कोणाला दिसणार आहे तळाशी, मी म्हटलं. त्यांनी माझा हात धरून त्यावरून फिरवला. हाताला काही लागलं नाही. दारांची रबरं सायकलच्या ट्यूबची झाली. छताचं कापड मालेगावहून आलं आणि ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्या एका चाचांनी ते शिवलं. त्यांनी आयुष्यात इतकं लहान छत पाहिलं नव्हतं. गाडी पोरांची आहे का, असं त्यांनी दोनदा विचारलं.

रंग कोणता द्यायचा, यावर आमच्या कॉलनीत चर्चा झाली नाही.

चर्चा झाली ती रंग उडाल्यावर. फवारणीच्या सकाळी वारा नव्हता म्हणून आजोबांनी पंप चालू केला, आणि अर्ध्या तासाने वारा आला. शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया फिकट निळ्या झाल्या. शेजारीणबाई जिना उतरून आल्या आणि एक निळसर कुरडई माझ्या हातावर ठेवून परत गेल्या. पुढचा रविवार मी त्यांच्याकडे नव्या कुरडयांचा चीक घाटण्यात घालवला.

आणि ते पुस्तक. माझं खरं काम ते होतं. माझे वडील रेल्वेत गँगमन होते. त्यांनी हट्टाने मला मिशनच्या शाळेत घातलं. आमच्या घराण्यातली इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली मी पहिली. आजोबांना आकृत्या माझ्यापेक्षा चांगल्या कळत, पण त्या आकृत्यांखालचे परिच्छेद माझ्याकडे आले. मी दोनशे पानी वही घातली, समास आखला, आणि रोज दोन पानं मराठीत उतरवू लागले. जपान्यांनी लिहिलेली ती इंग्रजी व्याकरणात कच्ची आणि वागण्यात फार सभ्य होती. 'कृपया हा बोल्ट जास्त आवळू नये', 'कृपया येथे तेल द्यावे'. माझ्या भाषांतरात मी पहिल्यांदा व्हॉल्व्हला झडप, रेडिएटरला शीतक वगैरे लिहिलं होतं. आजोबांनी एक पान वाचलं आणि वही खाली ठेवली.

"मास्तरीणबाई, झडप म्हटलं की मला खिडकी आठवते. व्हॉल्व्हला व्हॉल्व्हच राहू द्या."

राहू दिलं. एका बाबतीत मात्र मी ऐकलं नाही. गाडीत हीटर होता, पायांशी गरम हवा सोडणारा. आजोबा तो काढून टाकणार होते. नाशिकात हीटर कोणाला हवाय, आणि तेवढ्याच दोन नळ्या कमी. मी म्हटलं, पुस्तकातल्या यादीत आहे ना, मग गाडीत असला पाहिजे. वस्तू यादीबरहुकूम पुऱ्या भरल्या पाहिजेत, हा माझा स्वभाव. ते पुटपुटले, पण त्यांनी हीटर साफ करून परत बसवला.

फेब्रुवारीत पगारेभाऊ येऊन गेले. गाडी तेव्हा विटांवर होती, चाकं शेडच्या भिंतीला टेकलेली, इंजिन जमिनीवर उघडं. ते बराच वेळ बघत राहिले. म्हणाले की ट्रक सांगायचा तर आत्ताच सांगायला हवा, एप्रिलात मिळत नाही. तुम्ही हो म्हणालात तर मी सांगत नाही.

"सांगू नका," आजोबा म्हणाले.

म्हणजे त्या वर्षी ट्रक नव्हता. दुसरी सोय नव्हती. गाडी चालली नाही तर परत तीच हातगाडी, आणि या वेळी ट्रकवाल्यामुळे नव्हे, तर आमच्या घरामुळे.

आता चुकीकडे येते.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे जयंतीची साफसफाई निघते. भिंतींना चुना, भांड्यांना चिंच, सगळं घर बाहेर काढून परत आत. त्या वर्षी मी ठरवलं की शेडलाही चुना द्यायचा. गाडी जिथून निघणार ती जागा कळकट का असावी? सकाळची शाळा होती, दुपारी मी पदर खोचला. शेडच्या एका बाजूला, वर्तमानपत्रावर, हेड आणि त्याच्यासमोर आठ व्हॉल्व्ह मांडलेले होते. व्हॉल्व्ह म्हणजे लांब देठाची, चपट्या टोपीची छत्रीच म्हणा. त्यांच्या मध्ये छोट्या काड्या, कड्या, स्प्रिंगा असा पसारा होता. निदान मला तो पसारा वाटला. मी सगळं उचललं, रॉकेलमध्ये स्वच्छ धुतलं, फडक्याने पुसलं आणि आकाराप्रमाणे वेगळं करून रिकाम्या डब्यांमध्ये भरलं. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवली. 'व्हॉल्व्ह, मोठे, ४.' 'व्हॉल्व्ह, लहान, ४.' डबे फळीवर उंचीप्रमाणे लावले. वर्तमानपत्र घडी करून रद्दीत टाकलं. मग भिंतींना चुना दिला. काम झाल्यावर मी दारात उभी राहून बघितलं, आणि खरं सांगते, मला फार अभिमान वाटला.

संध्याकाळी आजोबा कारखान्याच्या बसमधून उतरून सरळ शेडमध्ये गेले. मी मागे, शाबासकी घ्यायला. त्यांनी फळी बघितली, चिठ्ठ्या वाचल्या, डबा उघडला. दोन व्हॉल्व्ह उचलून दिव्याकडे धरले. मग खाली बसले.

"यातला पहिला कुठला?" त्यांनी हळूच विचारलं.

तेव्हा मला कळलं नाही. त्यांनी जे सांगितलं ते असं. प्रत्येक व्हॉल्व्ह त्याच्या स्वतःच्या जागेवर, पेस्ट लावून, तासन्‌तास घासून बसवावा लागतो. घासून घासून दोघांची एकमेकांशी ओळख होते. मग तो त्याच जागी चालतो, दुसऱ्या जागी त्याच मापाचा असूनही गळतो. त्यांनी ते काम चार रविवार करून संपवलं होतं. तो पसारा पसारा नव्हता. ती रांग होती.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, चुना चांगला लागलाय.

त्या आठवड्यात कारखान्यात तातडीचं काम होतं, त्यांना रविवारचीही सुटी नव्हती. जयंतीला नऊ दिवस होते. इंजिन जोडून, चालवून, उरलेल्या खोड्या काढायला त्यांना शेवटचे चार दिवस हवेत, म्हणजे आठ व्हॉल्व्ह पाच दिवसांत. सासूबाई दारात बसून लसूण सोलत ऐकत होत्या. मी म्हटलं, "मला शिकवा." मी पुस्तक उघडून ते पान शोधलं, ज्याच्यापर्यंत माझं भाषांतर पोहोचलंच नव्हतं. तिथे जाड अक्षरात छापलं होतं, कृपया व्हॉल्व्ह एकमेकांत मिसळू नयेत.

शिकवायला त्यांना दहा मिनिटं लागली. एक लाकडी काठी असते, टोकाला रबराची वाटी. ती वाटी ओली करून व्हॉल्व्हच्या टोपीवर दाबली की चिकटते. कडेला करडी पेस्ट लावायची, आधी जाड, नंतर बारीक. व्हॉल्व्ह जागेवर ठेवायचा आणि काठी दोन्ही तळहातांमध्ये धरून फिरवायची, इकडून तिकडे, तिकडून इकडे. मग उचलायचा, थोडा वळवायचा, परत. मी दोनदा केलं आणि थांबले. हे तर मला येत होतं. आजोळी लहान मडक्यात ताक करताना मी रवी अशीच तर फिरवायचे.

पुढचे पाच दिवस सकाळी शाळा, मग जेवण, मग शेड. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा स्टुलावर. हात दुखले की चार पेपर तपासायचे, पेपर डोक्यात गेले की व्हॉल्व्ह. काही मुलींच्या उत्तरपत्रिकांवर करडे अंगठे उमटले. सुरुवातीला आवाज खरखरीत येतो, रेतीवर पाय घासल्यासारखा. तासाभराने तो मऊ होतो, आणि मग एक वेळ अशी येते की आवाज जवळजवळ राहत नाही, नुसतं हाताला जाणवतं. पुसून बघितलं की कडेला सगळीकडे सारख्या जाडीचं, जोडव्यासारखं करडं वळं उठलेलं असतं. तळहातांची कातडी गेली. सासूबाईंनी त्यावर खोबरेल लावलं आणि वर माझं पोळ्या लाटणं बंद केलं. त्या स्वतः बाजरीची भाकरी थापायच्या आणि शेडच्या दारात आणून द्यायच्या. एकदा म्हणाल्या, "लोणी निंघनं का?" लोणी निघालं का? मी म्हटलं, अजून नाही.

एक गोष्ट मी कोणी न शिकवता केली. प्रत्येक व्हॉल्व्ह बसला की त्याच्या टोपीवर खिळ्यासारख्या हत्याराने बारीक टिंबं मारली. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, आठव्याला आठ. परत कोणी साफसफाई केली तरी बिघडणार नाही.

पाचव्या दिवशी संध्याकाळी परीक्षा. आज इम्रानने केलं तेच आजोबांनी केलं. हेड उलटं, खळग्यांत रॉकेल. आयुष्यभर मी परीक्षक होते आणि ते तंत्रशाळेचा दाखला असलेले फिटर. त्या संध्याकाळी ते खुर्चीवर बसले आणि मी उभी. ते वाकून प्रत्येक व्हॉल्व्हच्या मागच्या, हेडच्या कडेला उघडणाऱ्या तोंडात बोट घालून कोरडं आहे का बघत होते. पहिला, दुसरा, तिसरा. सातव्यापर्यंत मान हलत गेली. आठव्यातून बोट बाहेर आलं ते ओलं.

"सात पास," ते म्हणाले. "एका विषयात ए.टी.के.टी. मिळाली तुम्हाला."

मला हसू आलं नाही. आठवा मी परत घासला. दुसऱ्या दिवशी सकाळी परत ओला. शाळेतून आल्यावर परत घासला, आता फक्त बारीक पेस्ट. त्या दुपारी मी एकही पेपर तपासला नाही. हात फिरत होते आणि माझ्या कानात त्या हातगाडीचं चाक कुईकुई करत होतं. संध्याकाळी आजोबांनी बोट घातलं, बाहेर काढलं, सदऱ्याला पुसलं, परत घातलं. मग माझ्यासमोर धरलं. कोरडं होतं. एक दिवस उशीर झाला होता, तो त्यांनी त्यांच्या चारातून सोडला.

तेरा तारखेला दुपारी इंजिन सुरू झालं. पहिल्यांदा खोकलं, दुसऱ्यांदा शिंकलं, आणि मग असा एक गोल, भरलेला आवाज आला की कॉलनीतली माणसं ताटावरून उठून आली. पगारेभाऊ उष्ट्या हाताने उभे होते.

मिरवणुकीचं आम्ही सगळं ठरवलं होतं. छत दुमडलेलं, त्यावर फळी, फळीवर पांढरं कापड आणि प्रतिमा, दोन्ही बाजूंना निळी निशाणं. आजोबा पांढऱ्या सदऱ्यात एकटे चालवणार, बाजूची जागा फुलांना. एकच गोष्ट आमच्या कोणाच्याच डोक्यात आली नव्हती. ही गाडी वाऱ्याशी पळायला बनवलेली होती. आम्ही तिला एप्रिलच्या उन्हात, लेझीमच्या पावलाने, चार-पाच तास चालायला लावणार होतो. पळणारी गाडी वाऱ्याने थंड होते. उभ्या गाडीला वारा कुठला?

निम्मी वाट झाली असेल. मी बायकांच्या रांगेत, गाडीच्या उजव्या अंगाला. आजोबांचा चेहरा बदललेला दिसला म्हणून पुढे गेले. समोरच्या तबकडीतला काटा वर चढत होता आणि तांबड्या रेघेला टेकायला आला होता. पुढे लेझीम, मागे अख्खी कॉलनी आणि शेजारच्या दोन वस्त्या, दोन्ही बाजूंना घरांच्या ओट्यांवर माणसं. ते ओठ न हलवता म्हणाले, "बंद करावी लागणार."

मला आयुष्यात पाठांतराचा एवढा उपयोग कधी झाला नाही. वहीचं पान डोळ्यांसमोर आलं, माझा समास, माझं अक्षर. इंजिन अति तापल्यास कृपया हीटर पूर्ण उघडावा.

"हीटर लावा," मी म्हटलं.

"काय?"

"हीटर. पूर्ण उघडा आणि पंखा चालू करा. पुस्तकात आहे. आतली उष्णता तिकडून निघते."

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग हात पुढे करून खटका ओढला. पायांपाशी भट्टीचं दार उघडल्यासारखी हवा सुटली, मला बाहेरही लागली. मी काट्याकडे बघत चालत होते. तो थांबला. लेझीमचे दोन डाव झाले तरी थांबलेलाच होता. मग केसभर खाली आला, आणि आणखी थोडा. पाणपोईवाल्यांनी रेडिएटरवर तांबे ओतले. आजोबांचा सदरा अंगाला चिकटला होता, चेहरा कोकमासारखा लाल, आणि ते हसत होते. लोकांना वाटलं, आनंदाने रडतायत. तो सगळा घाम होता. म्हणजे बहुतेक.

मिरवणूक जिथे संपते त्या पुतळ्यापाशी गाडी पोहोचली ती स्वतःच्या चाकांवर आणि चालू इंजिनाने. प्रतिमा उतरवून घेतली गेली. आजोबा खाली उतरले ते अनवाणी. बुटांत पाय भाजत होते म्हणून त्यांनी ते वाटेतच काढले होते. सासूबाईंनी पाणपोईचा तांब्या घेऊन त्यांच्या पायांवर पाणी घातलं. पगारेभाऊ गाडीजवळ आले आणि बॉनेटवर हात ठेवून आजोबांना म्हणाले की इंजिन काय बसवलंत, भाऊ, विमानाचं वाटतं. आजोबा काही बोलायच्या आत सासूबाईंनी माझं मनगट धरलं आणि माझा पट्ट्या बांधलेला तळहात सगळ्यांसमोर उलटा करून धरला.

"हाऊ मनी सूनना हात शे," त्या म्हणाल्या.

हा माझ्या सुनेचा हात आहे, एवढंच. चुन्याचं कोणी काही बोललं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. मला आजवर मिळालेली प्रमाणपत्रं त्या निळ्या फाईलमध्ये आहेत, तुम्ही आलात की बघा. पण त्या वाक्याच्या वर मी एकही ठेवत नाही.

त्यानंतर बरीच वर्षं प्रतिमा आपल्या गाडीतून गेली. हीटर दरवेळी लागायचा, आणि आजोबा बूट घरीच ठेवून निघायचे. मग मोठे ट्रक आले, मोठे भोंगे आले, आणि गाडी लग्नांपुरती, रविवारपुरती राहिली. आजोबा गेल्यावर मी तिला महिन्यातून एकदा चालू करते. चालवत नाही. आवाज ऐकते आणि बंद करते. हेड मात्र तेव्हापासून कोणी उघडलं नव्हतं. मी घासलेले ते आठ जण इतकी वर्षं आत काय करत होते, हे आज पहिल्यांदाच कळणार आहे. दुपारी दोनदा शेडच्या दारापर्यंत जाऊन आले. हात लावला नाही.

इम्रान आत्ता सहाला आला. मी लेखणी ठेवून मागे गेले. त्याने खिशातून छोटी बॅटरी काढली, वाकला, एकेका तोंडात उजेड टाकत गेला. मग बोट घालून बघितलं. मी खुर्ची धरून उभी होते.

"आजी, वरती ही टिंबं कोणी मारली? कंपनीची नाहीत ही."

"मी मारलीत."

तो वळून माझ्याकडे बघायला लागला. मग माझ्या हातांकडे. "मग यांना उघडायचं काम नाही," तो म्हणाला. "कोरडे आहेत. नवीन गॅस्केट टाकतो आणि बंद करतो."

"आठवासुद्धा?"

त्याने परत वाकून बॅटरी लावली, बोट घातलं, बाहेर काढलं आणि माझ्यासमोर धरलं.

"आठवासुद्धा."